पेटीतला साप आणि बांधावरची धामण

कुत्रा, मांजर, पोपट यांच्याबरोबरीने साप पाळण्याची हौस अमेरिका व युरोपात गेल्या काही दशकांत चांगलीच फोफावली आहे. या हौशींच्या पसंतीच्या यादीत 'कॉर्न स्नेक' हा बिनविषारी, शांत स्वभावाचा व नाना रंगांत मिळणारा साप अग्रस्थानी असतो. महाजालावरील चित्रफितींमुळे मुंबई, ठाणे, पुणे येथील तरुणांनाही या छंदाचे आकर्षण वाटू लागले आहे. कॉर्न स्नेक हा इंग्रजीत 'रॅट स्नेक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, उंदरांवर गुजराण करणाऱ्या सापांपैकी एक. याच नावाने ओळखला जाणारा आपल्याकडील साप म्हणजे धामण. मुंबईपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावरील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील भातखाचरांत ती पिढ्यान्‌पिढ्या उंदरांचा बंदोबस्त करीत आली आहे. एकाला काचेच्या पेटीत जपले जाते, तर दुसरीला पुष्कळदा नाग समजून काठीने ठेचले जाते. या दोन्ही सापांची, त्यांच्या पालनाची आणि त्यासंबंधीच्या कायद्याची माहिती म्हणूनच एकत्र घेणे उपयुक्त ठरेल.

कॉर्न स्नेक कोण?

कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातील साप. शास्त्रीय नाव पँथेरोफिस गटेटस. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर तो आढळत असल्याने त्याला हे नाव पडले असे म्हणतात. त्याच्या पोटावरील काळ्या-पांढऱ्या चौकटी मक्याच्या रंगीत कणसासारख्या दिसतात, असाही एक खुलासा दिला जातो. नारिंगी वा तपकिरी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके हे त्याचे नैसर्गिक रूप. पूर्ण वाढलेला साप साधारणतः एक ते दीड मीटर लांबीचा असतो. त्याला विषग्रंथी नसतात; भक्ष्याला विळखा घालून, त्याचा जीव घेऊन मगच तो गिळतो. चांगली निगा राखल्यास बंदिवासात तो पंधरा ते वीस वर्षे जगतो. हौसेने पिल्लू घरी आणणाऱ्याने प्रथम हा आकडा ध्यानात घ्यावयास हवा.

प्राणिशास्त्राच्या जुन्या वर्गीकरणानुसार कॉर्न स्नेकचा महाराष्ट्रातील अधिक जवळचा नातलग धामण नसून 'तस्कर' हा साप ठरतो. जुन्या ग्रंथांत कॉर्न स्नेक व तस्कर हे दोन्ही 'इलाफे' या एकाच प्रजातीत गणले जात. पुढील संशोधनानंतर त्यांची वेगवेगळ्या प्रजातींत विभागणी झाली. धामणीचे शास्त्रीय नाव टायास म्युकोसा. कुळ एक असले तरी तिची प्रजाती निराळी आहे. या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे त्यांचे खाद्य. उंदीर हा तिघांच्याही आहारातील महत्त्वाचा घटक होय.

पालनाचे तंत्र

साप शीतरक्ती असल्याने स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून तापमान राखू शकत नाही. म्हणून पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरी २२ ते २४ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. पचनासाठी साप उबेकडे सरकतो आणि पचन झाले की थंड बाजूला जातो. दोन्ही बाजूंना लपण्यासाठी एकेक आडोसा, अंग बुडेल एवढे पाण्याचे भांडे, कोरडे अंथरूण आणि घट्ट बसणारे झाकण या किमान गरजा होत. झाकणात बोटभर फट राहिली तरी कॉर्न स्नेक त्यातून निसटतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

खाद्य म्हणून शीतपेटीत गोठवलेले उंदीर सामान्य तापमानाला आणून दिले जातात. पिल्लाला पाच-सात दिवसांनी गुलाबी, केस न फुटलेले उंदराचे पिल्लू, तर मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर पुरतो. जिवंत उंदीर पेटीत सोडणे अनेक जाणकार टाळतात, कारण घाबरलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो. कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे दुधी होतात. या काळात त्याला हाताळू नये, खाऊही घालू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर 'साल्मोनेला' जिवाणू असू शकतात. त्यामुळे साप वा पेटी हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक ठरते आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला आरोग्ययंत्रणा देतात.

कोकणपट्टीच्या हवेत हे तंत्र अधिकच अवघड होते. पावसाळ्यातील चार महिने हवेत ओलावा इतका असतो, की अंथरूण सतत ओलसर राहून सापाच्या पोटाचे खवले कुजण्याचा धोका संभवतो. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांपलीकडे गेला आणि वीज खंडित झाली, तर बंद पेटीतील साप काही तासांत दगावू शकतो. सापांवर उपचार करणारे पशुवैद्यक मोठ्या शहरांतही मोजकेच सापडतात. पाश्चात्त्य देशांत सोपा मानला जाणारा हा साप येथे सोपा राहत नाही, तो या कारणांमुळे.

पैदास आणि रंगांचे गणित

या छंदाचा खरा पसारा पैदाशीत आहे. मायदेशात कॉर्न स्नेक थंडीत सुस्तावतो आणि वसंतात जोडीदार शोधतो. त्या चक्राची नक्कल म्हणून अनेक पैदासकार दोन-तीन महिने तापमान १० ते १५ अंशांपर्यंत उतरवतात. ठाण्या-मुंबईत हे यंत्राच्या मदतीशिवाय शक्य नाही. मिलनानंतर महिना-दीड महिन्याने मादी साधारण दहा ते तीस अंडी घालते. ओलसर माध्यमात, २८ अंशांच्या सुमारास ठेवलेली अंडी दोन महिन्यांत फुटतात. कोंबडीच्या अंड्यांप्रमाणे ती फिरवायची नसतात, कारण फिरवल्यास आतील गर्भ मरण्याची भीती असते. मादी फार लहान वा अशक्त असेल तर अंडी पोटात अडकून तिचा मृत्यूही ओढवतो.

रंगांच्या पैदाशीचा पाया आनुवंशिकतेच्या साध्या नियमांवर आधारलेला आहे. काळे रंगद्रव्य नसलेल्या तांबूस-पांढऱ्या कॉर्न स्नेकचा हा गुण अप्रभावी जनुकामुळे पुढील पिढीत उतरतो, हे अमेरिकेतील बेक्टेल दाम्पत्याने बंदिवासातील पैदाशीच्या आधारे १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले. दिसायला सामान्य परंतु हा जनुक बाळगणारी जोडी एकत्र आली, तर सरासरी चारपैकी एक पिल्लू या रंगाचे निपजते. काळ्या रंगाचा अभाव आणि तांबड्या रंगाचा अभाव असे दोन्ही गुण एकत्र हवे असतील, तर दोन्ही जनुक बाळगणाऱ्या जोडीपासून सोळात एक पिल्लू जवळजवळ पांढरेशुभ्र होते. पैदासकार त्याला 'स्नो' म्हणतात. अशा रीतीने आज या सापाचे असंख्य रंगप्रकार तयार झाले आहेत. पाश्चात्त्य बाजारात विकला जाणारा बहुतेक कॉर्न स्नेक जंगलातून पकडलेला नसतो. तो अनेक पिढ्या बंदिवासात वाढलेला असतो. या छंदाच्या समर्थकांचा तो मुख्य युक्तिवाद आहे आणि त्यांच्या देशापुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे.

भारतात तो येतो कसा?

भारतात मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो. परदेशातून जिवंत सरपटणारे प्राणी आणण्यासाठी परकीय व्यापार खात्याचा परवाना आणि पशु-विलगीकरणाची प्रक्रिया आवश्यक असते; प्रवाशाच्या सामानातून साप आणण्याची सोय कायद्यात नाही. तरीही बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या पिशव्यांत प्राणी सापडण्याच्या घटना मुंबई विमानतळावर वारंवार घडत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडून ११ साप जप्त केले. त्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक होते. बिस्किटे व केकच्या पुड्यांत ते लपवून आणण्यात आले होते. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने हे साप परत पाठवण्याचा आदेश दिला. पुड्यांत कोंबून, अन्नपाण्याविना केलेल्या अशा प्रवासात प्राणी दगावण्याचा धोका मोठा असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' कराराच्या परिशिष्टांत बॉल पायथनचा समावेश आहे, कॉर्न स्नेकचा नाही. केंद्र सरकारने २०२० साली विदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा-घोषणेची योजना आणली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा प्राण्यांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. हे दोन्ही 'साइट्स'च्या यादीतील प्राण्यांपुरते आहे. त्यामुळे कॉर्न स्नेकसाठी नोंदणीचे दालन उघडलेले नाही. याचा अर्थ तो मुक्तपणे विकत घेता येतो, असा काही विक्रेते लावतात. प्रत्यक्षात नोंदणीची अट नसणे आणि आयात वैध असणे या भिन्न बाबी आहेत. विकत घेणाऱ्याने आयातीचा परवाना मागितला, तर तो दाखवू शकणारा विक्रेता विरळाच.

पाळलेला साप निसटला वा कंटाळून सोडून दिला, तर काय होते, याचीही उदाहरणे जगासमोर आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स पाणथळीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेल्या बर्मी अजगरांनी आपले बस्तान बसवले आणि तेथील सस्तन प्राण्यांची संख्या झपाट्याने घटली. खुद्द कॉर्न स्नेकही कॅरिबियन बेटांपैकी काहींवर परका पाहुणा म्हणून स्थिरावला आहे. आपल्याकडेही २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आक्रमक परकीय जातींच्या नियमनाची तरतूद समाविष्ट झाली आहे.

शहापूर-मुरबाडची धामण

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण चेहरा मुख्यतः शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतच उरला. शहापुरात माहुलीचा डोंगर, तानसा अभयारण्याचा भाग आणि मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणे आहेत. मुरबाडच्या पूर्वेला माळशेज घाट, नाणेघाट व सिद्धगडाचा परिसर आहे. डोंगरउतारांवर साग व मिश्र पानझडी वन आणि सखल भागात भाताची खाचरे असे हे चित्र आहे. वारली, ठाकूर व कातकरी समाजांची मोठी वस्ती या दोन्ही तालुक्यांत आहे.

जूनमध्ये राब भाजलेल्या जागी रोपे टाकायची, जुलैत लावणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी हे येथील शेतीचे वेळापत्रक. भात पोटरीत आले, की बांधांतील उंदीर सक्रिय होतात. शेतातील उंदीर उभ्या लोंब्या तोडून बिळांत साठवतात. ही बिळे खणून उंदीर पकडण्यात कातकरी परंपरेने निष्णात मानले जातात. कापणीनंतर उंदीर उडव्यांत आणि पुढे घरातील कणगीपर्यंत पोहोचतात. विषारी आमिष घातले तर ते दर हंगामात पुन्हा घालावे लागते आणि कोंबड्या व कुत्र्यांनाही त्याचा धोका असतो. धामण मात्र थेट बिळात शिरते. ती दिवसा हिंडते, चपळ असते, झाडावर चढते आणि पाण्यातही पोहते. उंदरांखेरीज बेडूक, सरडे, पक्षी हेही तिचे खाद्य आहे. दोन मीटरहून लांब वाढणारी ही धामण बांधालगतची बिळे, वारुळे आणि पेंढ्याचे ढीग यांच्या आश्रयाने राहते.

उंदरांचा प्रश्न केवळ धान्यापुरता नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. पुढे उंदीर आणि त्यांच्यावरील पिसवा यांतून हा रोग पसरतो, हे संशोधनाने सिद्ध झाले. याच साथीच्या काळात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस तयार केली आणि परळच्या आजच्या हाफकिन संस्थेचा पाया घातला गेला. आजही पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मूत्राद्वारे लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्याला त्याचा धोका असतो. उंदरांची संख्या आटोक्यात ठेवणारा प्रत्येक साप या साखळीतील एक कडी तोडीत असतो.

नागाची बायको आणि गाईचे दूध

धामणीविषयी गैरसमजांची कमतरता नाही. धामण गोठ्यात शिरून गाई-म्हशींच्या पायांना वेटोळे घालते आणि दूध पिते, ही समजूत अनेक गावांत आजही ऐकू येते. सापाच्या तोंडाची रचना दूध चोखण्याजोगी नसते आणि त्याचे मागे वळलेले टोकदार दात सडाला लागले, तर गाय उभीही राहणार नाही. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. धामण ही नागाची मादी असते, हा दुसरा समज. वस्तुतः या स्वतंत्र जाती आहेत. धामणींमध्ये नर व मादी दोन्ही असतात आणि नागांमध्येही. प्रजननाच्या काळात दोन धामणी एकमेकांना वेढून अर्धे शरीर उंच करताना दिसतात. लोक त्याला मिलन समजून त्यावर वस्त्र टाकतात. परंतु ती बहुधा दोन नरांची झुंज असते. तिच्या शेपटीत विष असते, हा समजही निराधार आहे.

हे गैरसमज धामणीच्या जिवावर बेततात. कोपऱ्यात सापडलेली धामण मान फुगवून जोरात फूत्कार टाकते, तेव्हा घाबरलेल्या माणसाला ती नागच वाटते. ओळखीच्या काही खुणा लक्षात ठेवता येतील. धामणीचे डोळे मोठे, बाहुली गोल आणि डोके मानेपेक्षा रुंद असते. ओठांच्या खवल्यांच्या कडा काळ्या असतात, तर शरीराच्या मागील भागावर व शेपटीवर जाळीदार काळे पट्टे दिसतात. नागाचे डोके मानेपासून फारसे वेगळे दिसत नाही आणि डिवचल्यास तो पुढचा भाग उभा करून फणा काढतो. धामणीला फणा नसतो. तस्कराचे अंग तपकिरी असून मानेवर गडद रेषा व पुढच्या भागावर चौकटीवजा नक्षी असते. अर्थात ओळखीची खात्री नसेल तर अंतर राखणे हाच सुरक्षित नियम होय. राज्यात माणसांना सर्वाधिक धोका नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांपासून असतो.

घरी आणल्यास गुन्हा

धामण बिनविषारी आहे, म्हणून ती पाळायला हरकत नसावी, असा विचार काही हौशी बोलून दाखवतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा गुन्हा आहे. पूर्वी धामण या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत होती. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने संमत केलेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली दुरुस्ती अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आणणारी ठरली. त्या वेळी धामणीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ व बिबट्याच्या पंक्तीत, स्थान मिळाले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. मारणेच नव्हे, तर पकडणे, सापळा लावणे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी उद्ध्वस्त करणे यांचाही तीत समावेश होतो. धामणीची मादी घातलेल्या अंड्यांजवळ थांबून त्यांचे रक्षण करते. ती अंडी उचलून घरी उबवण्याचा प्रयोग कितीही सद्‌हेतूने केला, तरी तो कायद्याच्या कक्षेत बसत नाही.

या संरक्षणामागे इतिहास आहे. विसाव्या शतकात भारतातून सापांच्या कातड्यांची मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. त्यात लांबरुंद धामणीला विशेष मागणी होती. १९७६ साली या निर्यातीवर बंदी आली. त्यानंतर तमिळनाडूतील इरुला जमातीच्या सापपकड्यांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था स्थापून लसीसाठी विष काढण्याचा नवा व्यवसाय स्वीकारला. ठाणे जिल्ह्यात आज कातड्याची जागा अंधश्रद्धेने घेतली आहे. मांडूळ हा निरुपद्रवी साप गुप्तधन मिळवून देतो अथवा त्याला लाखोंची किंमत येते, या भूलथापांपायी त्याच्या तस्करीचे गुन्हे वरचेवर नोंदवले जातात. सापाला बाजारभाव मिळाला, की त्याची पहिली झळ गावातील गरिबाला बसते. पकडणारा तोच असतो आणि तुरुंगात जाणाराही बहुधा तोच.

दंश, दवाखाना आणि दूरध्वनी

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने सर्पदंश प्रतिबंध व उपचाराच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्रातून शहापूर आणि गडचिरोलीतील अहेरी या तालुक्यांची निवड केली, यावरून या भागातील प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्याने घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

सापाच्या भीतीवर उपाय म्हणून धामण मारली गेली, तर उंदीर वाढतात आणि उंदरांच्या मागोमाग नाग व घोणसही वस्तीकडे वळतात. घराभोवती पालापाचोळा, लाकडे व पेंढा साठू न देणे, रात्री विजेरी घेऊन चालणे, शेतात गमबूट वापरणे आणि जमिनीऐवजी खाटेवर मच्छरदाणी लावून झोपणे हे साधे उपाय परिणामकारक आहेत. अंथरुणात शिरणाऱ्या मण्यारीचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही, हे येथे विशेष लक्षात ठेवावे.

दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. रुग्णाला धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलवता, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. भगताकडे दवडलेला एक तास जीवघेणा ठरू शकतो. साप ओळखण्यासाठी त्याला मारून वा पकडून सोबत नेण्याची गरज नाही. लक्षणांवरून उपचार ठरवता येतात. बिनविषारी साप चावल्याची खात्री वाटत असली, तरी काही तास वैद्यकीय देखरेखीखाली राहणे श्रेयस्कर.

घरात वा शेतघरात साप शिरल्यास वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. सर्पमित्र मोलाचे काम करतात, परंतु त्यांनाही कायद्याच्या मर्यादा आहेत. पकडलेला साप घरी ठेवणे, त्याचे खेळ करणे, गळ्यात घालून छायाचित्रे काढणे हे सारे निषिद्ध आहे. अशा प्रदर्शनांत विषारी सापाच्या दंशाने सर्पमित्रांनी प्राण गमावल्याच्या घटनाही घडल्या आहेत. सापाला त्याच्या मूळ परिसरातच लवकरात लवकर सोडावे. दूरच्या जंगलात सोडलेल्या सापाला बीळ, पाणी व खाद्य नव्याने शोधावे लागते आणि त्यात त्याचा टिकाव लागणे कठीण असते.

हौस कशी भागवावी?

सापांविषयीची ओढ ही ज्ञानाची पहिली पायरी ठरू शकते. पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानात महाराष्ट्रातील साप जवळून पाहता येतात. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतीय सापांवरील अभ्यासाची मोठी परंपरा जोपासली आहे. रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचे २००४ साली प्रसिद्ध झालेले भारतीय सापांवरील क्षेत्रमार्गदर्शक अभ्यासूंच्या संग्रही असावे असे आहे. दुर्बीण, कॅमेरा आणि टिपणवही घेऊन, जाणकाराच्या सोबतीने पावसाळ्यात माहुली वा माळशेजच्या पायथ्याशी केलेली भटकंती पेटीतल्या सापापेक्षा कितीतरी अधिक शिकवते.

मुरबाड-शहापूर परिसरात शेतघर अथवा भूखंड घेणाऱ्या शहरवासीयांची संख्या वाढत आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून शहापूर मुंबईच्या आणखी जवळ आले आहे. रस्ते, कुंपणे आणि सिमेंटचे बांध वाढले, की धामणीची बिळे घटतात. वाहनांखाली आणि भाजीच्या मळ्याभोवतीच्या नायलॉन जाळ्यांत अडकूनही साप मरतात. कुंपणाखाली थोडी मोकळी फट ठेवणे, एखादा मातीचा बांध व वारूळ शाबूत राखणे, हंगाम संपल्यावर जाळी गुंडाळून ठेवणे आणि बागेत विषारी आमिष न टाकणे एवढे केले, तरी नव्या जमीनमालकाला कोणताही परवाना, पेटी वा खर्च यांवाचून धामणीचा शेजार लाभतो. तिला खायला घालावे लागत नाही आणि तिची पैदासही करावी लागत नाही. तिला ओळखणे आणि तिच्या वाटेतून बाजूला होणे, इतकेच माणसाकडून अपेक्षित आहे.